अठरा होल, अठराविश्वे

गोल्फ कोर्स म्हणजे सव्वाचार इंच व्यासाची अठरा भोके एकमेकांपासून पुरेशी लांब ठेवण्यासाठी लागणारी जमीन. ही जमीन साधारणपणे सव्वाशे ते दीडशे एकर भरते, म्हणजे एकेका भोकाच्या वाट्याला सात-आठ एकर येतात. महाराष्ट्रात पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला अल्पभूधारक म्हणतात. त्या हिशेबाने गोल्फचे प्रत्येक भोक हा एक बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी खातेदार ठरतो.

विद्यापीठे कोर्स चालवतातच, तेव्हा त्यांतल्या एखाद्यावर हिरवळ असायला काय हरकत आहे, असा प्रश्न निघू शकतो. त्याचा विचार कर्वेनगरापासून सुरू करणे सोयीचे. विद्यापीठ उभे करायला मुळात किती जमीन लागते, याचा हिशेब तिथे मिळतो.

कर्वेनगर म्हणजे पुण्यातले, मुठेकाठचे जुने हिंगणे बुद्रुक. विधवांच्या आश्रमासाठी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी इथली सहा एकर जमीन दिली आणि वर साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तिथे झोपडी उभी राहिली. गोल्फच्या मापाने सहा एकरांत एक होलसुद्धा धड मावत नाही. मावलाच तर चेंडू शेजारच्या ज्वारीत जाणार. अशा तोकड्या जागेतल्या कामातून १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ निघाले, तेही पाच विद्यार्थिनींनिशी. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला आपल्या आईचे, नाथीबाईंचे, नाव लागावे अशी अट घातली. देणगीदारांच्या इतिहासात ही अट फार किरकोळ गणली पाहिजे. त्यांनी क्लबहाऊस मागितले नव्हते.

खेळाचे म्हणायचे तर संस्थापक रोजच खेळत होते. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत आणि तिथले काम आटोपून हिंगण्याला पायी जात. वाट सुमारे चार मैलांची, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. अठरा होलच्या एका फेरीत खेळाडू सहा ते आठ किलोमीटर चालतो. म्हणजे कर्वे जाताना एक फेरी पुरी करत आणि येताना दुसरी. चेंडू, काठी आणि पिशवी उचलणारा कॅडी एवढेच काय ते नव्हते. ते १०४ वर्षे जगले. गोल्फमुळे आयुष्य वाढते असे सांगणाऱ्यांनी हा दाखला वापरायला हवा. चेंडू अनावश्यक असल्याचे त्यातून सिद्ध होते, एवढीच अडचण.

अमेरिकेत गोष्ट उलट्या टोकाने घडली. १९२४ मध्ये रे टॉम्पकिन्स या येलच्या माजी फुटबॉल कर्णधाराच्या विधवेने पतीच्या स्मरणार्थ येल विद्यापीठाला सातशे एकर जमीन दिली आणि त्या जमिनीवर १९२६ मध्ये अठरा होलचा कोर्स उघडला. हिंगण्यात विधवांसाठी सहा एकर मिळाले, त्यातून विद्यापीठ झाले. येलमध्ये विधवेकडून सातशे एकर मिळाले, त्यातून गोल्फ झाला. येलच्या पदवीपूर्व वर्गांत मुलींना प्रवेश मिळाला तो १९६९ मध्ये, म्हणजे कोर्सनंतर त्रेचाळीस वर्षांनी. आधी हिरवळ रुजू द्यावी, मग मुली, असा काही क्रम असावा.

स्टॅनफर्डचा कोर्स १९३० चा, मिशिगनचा १९३१ चा. स्टॅनफर्डने टायगर वुड्ससारखा खेळाडू दिला, असे समर्थक सांगतात, आणि ते खरे आहे. तो १९९४ मध्ये आला आणि १९९६ मध्ये पदवी न घेता व्यावसायिक झाला. विद्यार्थ्याने शिक्षण अर्धवट सोडल्याचा अभिमान विद्यापीठाला वाटावा, अशा थोड्या क्षेत्रांपैकी हे एक. तिकडे असे कोर्स पाळण्याची कारणे तशी सरळ आहेत. श्रीमंत माजी विद्यार्थी सभेला येत नाहीत, पण चेंडू मारायला येतात. आणि चौथ्या-पाचव्या होलच्या सुमारास त्यांच्याकडे नव्या इमारतीचा विषय काढता येतो.

महाराष्ट्रात ही सोय २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात बसवावी लागेल. अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद यांतून प्रस्ताव फिरेल. बारा होल अनुदानित असावेत की सगळेच स्वयंअर्थसहाय्यित, यावर समिती नेमली जाईल. खेळाचे नियम मात्र विद्यापीठाला नव्याने शिकावे लागणार नाहीत. कच्च्या खेळाडूला आधीच काही फटक्यांची सवलत मिळते, तिला तिकडे हँडिकॅप म्हणतात आणि इकडे ग्रेस. फसलेला फटका मोजू नका, पुन्हा मारू द्या, या मैत्रीतल्या सवलतीचे नाव मलिगन. परीक्षा विभागात तिला पुनर्मूल्यांकन म्हणतात आणि तिची फी वेगळी भरावी लागते. चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला तरी फेरी थांबत नाही, पुढे चालू राहते, तो प्रकार एटीकेटीचा. शिवाय गोल्फमध्ये सहसा पंच मागे फिरत नाही. गुणपत्रिका खेळाडूच्या सहीने आणि त्याच्या शब्दावर खरी धरतात. नॅकसाठी स्वयं-अध्ययन अहवाल लिहिलेल्या कोणत्याही प्राचार्याला ही पद्धत पहिल्याच दिवशी जमेल.

मनुष्यबळाचाही प्रश्न नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, प्राध्यापक नेमण्याचा दांडगा अनुभव विद्यापीठांपाशी आहे. कॅडीला फेरीमागे पैसे मिळतात, सीएचबीवाल्याला तासामागे. दोघेही दुसऱ्याचे ओझे वाहतात आणि काम नसले की दोघांचेही मीटर बंद असते. फरक इतकाच की कॅडीला नेट-सेट लागत नाही.

गवताचा विषय मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ कोर्सवर ज्या बर्म्युडा गवताचा बोलबाला असतो, ते म्हणजे आपली हरळी. हीच हरळी शेतात आली की शेतकरी कुदळ घेऊन तिच्या मुळाशी भांडतो. गणपतीपुढे आली की दूर्वा होते आणि एकवीसच्या जुडीने विकली जाते. कोर्सवर आली की तिच्यासाठी परदेशी यंत्र, औषधे आणि माणूस ठेवावा लागतो. अमेरिकेत हिरवळीचे शास्त्र विद्यापीठात शिकवतात. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ त्यासाठी नावाजलेले आहे. मराठी शेतकऱ्याच्या चार पिढ्यांनी जे उपटण्यात घालवले ते जगवण्याची पदवी, असा हा अभ्यासक्रम इथे सुरू झाल्यास पहिली तुकडी पाहायला बरीच गर्दी होईल.

हरळीला पाणी लागते. अठरा होलला उन्हाळ्यात दिवसाकाठी लाखो लिटर लागतात. पुण्याची भिस्त खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर, आणि चौघांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी. त्यावर शहर आणि खालची शेती दोघांचाही डोळा असतो. कर्वेनगरात कॅनॉल रोड आहे. त्यावरून वाहने वाहतात आणि उन्हाळ्यात त्या वाहनांत पाण्याचे टँकरही असतात. सांडपाणी शुद्ध करून हिरवळीला घालावे, हा तोडगा चांगला आहे. पण त्यासाठी आधी सोसायटीच्या नळाला पाणी येऊन त्याचे सांडपाणी व्हावे लागते.

जागेचे काय, हा शेवटचा प्रश्न. कर्वेनगरात सलग सव्वाशे एकर सोडा, दुचाकी लावायला सलग सहा फूट मिळणे कठीण. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाचे ४११ एकर आहेत. हिशेबाने तिथे तीन कोर्स बसतील, वसतिगृहे आणि सकाळी फिरणारे निवृत्त पुणेकर यांना हलवता आले तर. वसतिगृहे हलतील. गोल्फच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे: मोकळी जमीन मोकळीच ठेवण्याचा हा एक मार्ग आहे. ज्या मैदानावर गरीब पोरे खेळतात त्याच्यावर इमारत येऊ शकते. ज्याच्यावर श्रीमंत खेळतात त्याला कुंपण येते, इमारत येत नाही.

खासगी उदाहरण जवळच आहे. पुण्याला पूर्वेचे ऑक्सफर्ड म्हणायची जुनी पद्धत आहे. लवळ्याच्या डोंगरावर गेल्यास एका बाजूला सिम्बायोसिस विद्यापीठ दिसते आणि जवळच ऑक्सफर्ड. त्यांतले ऑक्सफर्ड हे गोल्फ रिसॉर्ट आहे.

कमी खर्चाचा नमुना नाशिकचा. तिथले हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान शहरात गोल्फ क्लब मैदान म्हणूनच ओळखले जाते. गोल्फ तिथे कोणी खेळत नाही. रणजीचे सामने होतात, सभा होतात, पहाटे माणसे फेऱ्या मारतात. देखभालीला परदेशी यंत्र लागत नाही, हरळी आपली आपण उगवते, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ‘गोल्फ क्लब’ म्हटले की पुरते.