पट्टा दोरीवर कसा?

"काय हो वहिनी, भाऊजींचा कंबरपट्टा रविवारपासून दोरीवरच दिसतोय. वाळला नाही का अजून?"

"वाळला केव्हाच. पण घालतंय कोण? हळू बोला ताई, आत पेपर वाचताहेत, कान सगळा इकडेच असणार."

"पण ऑपरेशन ठरलं होतं ना?"

"छे हो, ते ह्यांनीच ठरवलेलं. डॉक्टर नकोच म्हणत होते. जन्म गेला एसटीच्या वर्कशॉपात, गाड्यांचे पत्रे ठोकण्यात. कंबर धरली, एमआरआय काढला, रिपोर्टात आलं की चकती फुगलीय, झीज झालीय. झालं! बादली उचलायची नाही, खाली बसायचं नाही, चपला मी पायात सरकवायच्या. खुर्चीतून उठायचं तर आधी श्वास धरणार, मग दात आवळणार, मग टेबल गाठणार."

"अहो, पण चकती फुगली म्हणजे..."

"मलाही तसंच वाटायचं. आमची भाची फिजिओथेरपी शिकतेय ना, तिनं सांगितलं. अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, १९९४ साली छापून आलंय. निम्म्याहून जास्त जणांची चकती कुठे ना कुठे फुगलेली! आणि ते आपले मजेत हिंडताहेत."

"म्हणजे भाऊजींना दुखतच नव्हतं?"

"असं म्हणू नका बाई! भाची एकदा 'मामा, हे मेंदूचं आहे' म्हणाली, तर 'मला वेडा ठरवतेय' म्हणून फुगून बसले. दुखतं, खरंच दुखतं. पण इजा भरून आली तरी मेंदू भोंगा वाजवतच राहतो, समोरच्यांच्या गाडीवर मांजर चढलं तरी ती रात्रभर कोकलते ना, तसा. आणि माणूस जितका घाबरतो तितका भोंगा मोठा. मला पटलं ते चेंडूमुळे. नातवाचा चेंडू गटाराकडे निघाला, तर हे झटक्यात वाकले, उचलला, फेकलासुद्धा! मग आठवण झाली आणि हात कंबरेवर."

"अगं बाई!"

"कोलोरॅडोत ही भीतीच घालवायचा उपचार करून पाहिला. वर्षानुवर्षं पाठ दुखणारी माणसं, महिनाभर बैठका. ५० जणांतल्या ३३ जणांचं दुखणं गेलं, नाहीतर नावापुरतं उरलं. नुसतं मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेल्यांत तेवढं बरं वाटलं पाचातल्या एकाला. अर्थात फार तीव्र दुखणं नव्हतं म्हणे त्यांचं."

"मग आता भाऊजी अमेरिकेला?"

"कशाला? आपल्या दापोडीचं महाविहार आहे की! त्रिरत्न बौद्ध महासंघाचं. वर्कशॉपातल्या जुन्या दोस्तानं ओढून नेलं. तिथे आनापानसती शिकवतात, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचं. आणि मेत्ता भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं. पहिल्या दिवशी हे घोरले, दोस्तानंच सांगितलं. त्याच संघातल्या एक बाई आहेत, विद्यामाला बर्च, मूळच्या न्यूझीलंडच्या. सोळाव्या वर्षी मणका दुखावला, तेविसाव्या वर्षी वर गाडीचा अपघात. त्या इंग्लंडात दुखणेकऱ्यांना हेच शिकवतात. त्यांचं स्वतःचं दुखणं काही पळून गेलेलं नाही हं, पण त्याच्यासकट नीट जगताहेत."

"मग उपयोग काय?"

"तीच तर गंमत. बुद्धांची दोन बाणांची गोष्ट आहे. पहिला बाण अंगाला लागतो, तो काही चुकत नाही. दुसरा मनाला, 'हाय हाय, आता माझं कसं होणार' असा. ह्यांना ती फार आवडली. आता कण्हायला लागले की मी विचारते, चहाबरोबर दुसरा बाण देऊ का?"

"तुम्ही पण ना! पण माझ्या जावेलाही नेऊ का? तिच्या पायाला मुंग्या येतात."

"आधी डॉक्टर! पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ताप, उगाच वजन उतरणं, यातलं काही असलं तर ध्यानबिन नाही, थेट दवाखाना. ह्यांचं ते सगळं तपासून घेतलं, मगच पट्टा उतरवला. आणि नुसतं डोळे मिटून भागत नाही. रोज संध्याकाळी हॅरिस पुलापर्यंत चालायला लावते मी. सुरुवातीला गल्लीच्या तोंडापर्यंतच जायचे, पण दुखलं तरी परत फिरायचं नाही, जरा थांबायचं आणि पुढे."

"मग वहिनी, तुम्हीही जात जा की महाविहारात. तुमची मान किती वर्षं दुखतेय!"

"माझी? अहो ताई, माझी मान खरंच दुखते!"