स्पेशल सर

कराड स्टँडवर पाठीला सॅक, एका काखेत थर्माकोलचं घड्याळ आणि दुसऱ्या काखेत लेस ओवायला भोकं पाडलेला हातभर लांब पुठ्ठ्याचा बूट घेऊन कुणी सांगली गाडीमागे पळताना दिसला, तर तो जादूचे प्रयोग करणारा समजू नका. ते स्पेशल सर, विशेष मुलांचे शिक्षक. घर सातारा तालुक्यात, नोकरी मिरजेच्या पलीकडे. बायको मिरजेची, ती राहते साताऱ्यात. या गणिताचं उत्तर त्या दोघांनाही अजून सापडलेलं नाही.

स्पेशल सर ठरवून कुणी होत नाही. बारावीनंतर साध्या डीएडला नंबर लागत नाही आणि कुणीतरी लांबचे मामा सांगतात, "स्पेशलला जागा हायत, फॉर्म भर." पोरगं भरतं. दोन वर्षांचा कोर्स. प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच आठवड्यात वर्गातला एक मुलगा येतो, याचा चष्मा काढून स्वतः घालतो आणि बाकांमधून हिंडत सगळ्यांची हजेरी घ्यायला लागतो. इथे माणसं दोन वाटांनी जातात. काही जण दुसऱ्या दिवसापासून पोलीस भरतीच्या मैदानावर पळायला लागतात. आणि एखादा उभा राहून म्हणतो, "सर, माझीपण हजेरी लावा." तो गेलाच कामातून. आमचे सर त्यातले.

आपण काय शिकलो हे गावाला समजावणं हा त्यांचा जन्माचा उद्योग. पूर्वी लोक सरळ विचारायचे, "म्हंजे येड्यांची शाळा का?" २००७ साली 'तारे जमीन पर' आला आणि प्रश्न जरा सुधारला: "म्हंजे आमिर खानवानी?" सर सांगतात, तो चित्रकलेचा शिक्षक होता. "मग तुमी कशाचे?" या कोर्सला शाखा असतात आणि शिकलेली माणसं आपली ओळख शाखेनंच देतात: कर्णबधिरांचे ते एचआय, अंधांचे व्हीआय, मतिमंदांचे एमआर. आता कागदावर बौद्धिक अक्षमता आलं, पण जिभेची सवय जात नाही. मिरजेत मुलगी बघायला गेले तेव्हा सर सहज म्हणाले, "मी एमआर आहे." मिरज पडली दवाखान्यांची. होणाऱ्या सासऱ्यांचा चेहरा फुलला. "कंपनी कुठली?" खुलासा होईपर्यंत पोहे संपले होते आणि मुलीनं आतून होकार कळवला होता. मला आधीच समजलं होतं, असं ती आजही सांगते. सर यावर गप्प बसतात.

सरांचं खरं शस्त्र म्हणजे कृती विश्लेषण. दात घासणं हे तुमच्या-आमच्या लेखी एक काम. सर त्याच्या पंधरा पायऱ्या करतात: ब्रश उचलणे, नळाखाली धरणे, ट्यूबचं टोपण फिरवणे, वगैरे. कधी कधी शेवटची पायरी आधी शिकवतात, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. हेच तत्त्व सरांनी घरी स्वतःला लावलं. स्वयंपाकाची शेवटची पायरी म्हणजे वरून कोथिंबीर घालणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, सर अजून कोथिंबिरीवरच आहेत, आणि आनंद मात्र पूर्ण भाजी केल्याचा.

दुसरं शस्त्र बक्षीस. ते लगेच द्यावं आणि बारीक द्यावं, कारण पोट भरलं की बक्षिसाची किंमत जाते. म्हणून सरांच्या घरी पाहुण्याला सातारी कंदी पेढा अख्खा मिळत नाही. चतकोर मिळतो, तोही नीट बसल्यावर. एकदा एसटीच्या कंडक्टरनं न मागता सुटे पैसे परत दिले, तर सरांनी त्याच्या डोळ्यात बघून टाळी वाजवली, "शाब्बास! छान!" गाडी हसली, कंडक्टर लाजला. पण त्या गाडीत सुटे पैसे सगळ्यात आधी सरांना मिळतात, हेही खरं.

करिअर म्हणाल तर कायदे भरपूर. पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा. नोंदणी नसताना हे काम केलं तर वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर हे प्रत्येक नव्या थेरपी सेंटरच्या दारात जाऊन सांगतात. प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक शिक्षक हवा, असं २०२२ साली केंद्र सरकारनं ठरवलं, तेही तोंडपाठ. विशेष शाळेत लागलं तर शिक्षण खातं म्हणतं, तुम्ही आमचे नव्हे. वर्षानुवर्षं या शाळा समाजकल्याणकडे, आता २०२२च्या अखेरीस निघालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. गटसाधन केंद्रात लागलं तर काम शिक्षण खात्याचं, पण करारावर. पुण्यात एकाच मुलासोबत वर्गात बसणारा शॅडो टीचर झालं तर पैसे बरे आणि ते सगळे घरभाड्यात. सर करारावर आहेत.

या करारातल्या फिरतीत जतकडच्या एका वस्तीवर घरी जाऊन शिकवायचा मुलगा होता. शर्टाचं बटण लावणं, एवढंच उद्दिष्ट. पावसाळा गेला, हिवाळा गेला, बोटं जमेनात. सरांनी आधी पुठ्ठ्यावर मोठी बटणं लावून घेतली, मग पिशवीवर, मग अंगातल्या शर्टावर. शेवटी एकदा आईनं वाटेतच अडवलं. "लावतोय की सर. खरं आता आज्ज्याची बी लावतोय. त्यो झोपल्याला असला तरी." सरांनी तिथंच बांधावर वही काढून लिहिलं: कौशल्याचं सामान्यीकरण साध्य.

अडलंय ते एकाच ठिकाणी. कायम करण्याची त्यांची फाइल एका कार्यालयात एका क्लार्कच्या टेबलावर आहे. सर चिडले नाहीत. प्रत्येक मुलाचा करतात तसा त्यांनी रीतसर त्या क्लार्कचा वैयक्तिक आराखडा तयार केला. सध्याची पातळी: समोर ठेवलेली फाइल ओळखतो. दीर्घकालीन उद्दिष्ट: फाइल पुढे सरकवणे. बक्षीस: चतकोर पेढा. परवा तिमाही मूल्यमापन झालं. फाइल शाब्दिक मदतीनं उघडतो. पेढा स्वतंत्रपणे, विनामदत खातो. पुढच्या पायरीला हात धरून मदत करावी लागेल, असा शेरा सरांनी मारलाय, आणि तशी परवानगी मिळावी म्हणून अर्ज केलाय. अर्ज त्याच टेबलावर आहे.