पायाचा क्लास

प्रेस्टन, लँकेशायर
पाडव्याच्या आधीचा रविवार

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद.

तू परवा फोनवर विचारलंस, "ताई, तू तिकडे दिवसभर करून काय राहिली वं?" मी सांगायला सुरुवात केली तर तुझ्या कुकरची शिट्टी झाली आणि तू पळालीस. म्हणून लिहिते. पत्र वाचताना गॅस बंद ठेव.

मी क्लास लावला. पायाचा. चालायचा नव्हे, खायचा. मैद्याच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला. इथे त्याचे दोन प्रकार, गोड आणि तिखटमिठाचा. मी दुसरा शिकले. 'तिखट' उगीच लिहिलं, नुसता मिठाचा.

झालं असं, की इथे मार्चमध्ये आईचा रविवार पाळतात. ईस्टरच्या आधी ख्रिश्चन लोकांचे उपासाचे चाळीस दिवस असतात, त्यातच तो पडतो. सूनबाईनं हातात लिफाफा दिला. मी म्हटलं, पोरीला वळण आहे, साडीचे पैसे दिसतात. उघडला तर आत चिठ्ठी : ब्रिटिश पाय स्वतःच्या हातानं करायला शिका, एप्रन आणि चहा आमच्याकडून. मुलगा म्हणाला, "आई, तुला लय मजा येईल." ज्याला अजून चहा धड गाळता येत नाही, तो आईला स्वयंपाकाच्या क्लासला पाठवून राहिला! पण सारी नोकरी मी फळ्यापाशी उभी राहून काढली. म्हटलं, एकदा बाकावर बसून पाहू.

बाक नव्हताच. गावाबाहेर एका शेतघराचं मोठं स्वयंपाकघर, लांबलचक ओटा, आणि सगळे विद्यार्थी उभे. एक निवृत्त बस ड्रायव्हर, एक लग्न ठरलेलं जोडपं (ते पीठ कमी आणि एकमेकांना जास्त पाहत होतं), दोन बहिणी, ज्या लाटण्यावरून भांडल्या तेव्हा मला तुझी फार आठवण आली, आणि मी, स्वेटरवर एप्रन, एप्रनखाली नऊवार नाही एवढंच. गुरुबाई आपल्या पिंकीपेक्षा लहान. पण हात बोलका.

ओट्यावर पांढरीशुभ्र वडी ठेवलेली. मला वाटलं, वा, थिजलेलं तूप. गुरुबाई म्हणाल्या, डुकराची चरबी. मी जी मागे सरकले ती खिडकीला टेकले. पण बाई समंजस. सूनबाईनं आधीच कळवून ठेवलं होतं. माझ्यासाठी ओट्याचं वेगळं टोक, वेगळी सुरी, चरबीऐवजी लोणी, आणि वरून लावायला अंड्याऐवजी दुधाची वाटी. सोवळ्याची एवढी बूज हल्ली आपल्या घरातसुद्धा कोणी ठेवत नाही.

पहिला धडा पोर्क पायचा. तो मी हात मागे बांधून नुसता पाहिला, परीक्षेला पर्यवेक्षक पाहतो तसा. ती चरबी पाण्यात उकळतात आणि ते कढत पाणी मीठ घातलेल्या मैद्यावर ओततात. म्हणजे उकडच काढतात गं! गरम आहे तोवर मळायची, गरम आहे तोवरच लाकडी ठोकळ्यावर चढवायची. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. पीठ ठोकळ्याभोवती हातानं वर वर ओढत न्यायचं आणि मग ठोकळा अलगद काढून घ्यायचा, की पिठाचं उभं पातेलं तयार. निवलं की तडकतं. बस ड्रायव्हरचं तडकलं. त्यांनी जो शब्द उच्चारला तो मला कोणी समजावून सांगितला नाही.

या पोर्क पायचं माहेर लेस्टरशायरमधलं मेल्टन मोब्रे गाव. नावाला कायद्याचं संरक्षण आहे, ठरलेल्या टापूत आणि ठरलेल्या रीतीनं केला तरच ते नाव लावायचं. रीत अशी, की साचा न लावता उभाच भाजायचा, त्यामुळे त्याच्या कडा पोटासारख्या बाहेर येतात. सरळ कडांचा पाय दिसला की तिथले लोक नाक मुरडतात. त्याच गावात 2009पासून पायांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि परीक्षक बसतात कुठे, तर चर्चमध्ये. आपल्या अंबादेवीच्या सभामंडपात कचोऱ्यांची परीक्षा लावली तर चालेल का, विचारून बघ.

भाजल्यावर आतलं मांस आकसतं आणि पारी व सारण यांच्यात पोकळी राहते. मग झाकणाच्या भोकातून हाडांचा उकळून काढलेला रस ओततात. तो गार झाला की थिजतो, हवा आत शिरत नाही, पदार्थ टिकतो. फ्रीज नव्हते तेव्हाची ही अक्कल. बघायला मला कसंसंच झालं, पण अक्कल ती अक्कल.

दुसरा धडा माझा. इथे उकड नाही, मोहन. पण कसलं मोहन! आपण करंजीला कडकडीत घालतो, ह्यांचं फ्रीजमधलं लोणी. ते मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लागू द्यायचा नाही, पाणीही बर्फाचं. गुरुबाईंनी माझे हात धरून पाहिले आणि म्हणाल्या, फार ऊन आहेत, नळाखाली धरा. चांगल्या पारीला थंड हात लागतात म्हणे. आता मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत अमरावतीला जन्मलेल्या बाईचे हात थंड कुठून असणार? धरले नळाखाली. लँकेशायरचं नळाचं पाणी म्हणजे काय ते तुला इथे आल्याशिवाय कळायचं नाही. मग मी मूठ आवळून मुटका वळून पाहिला, धरला, आणि बोट लावलं तर फुटला. बाईंना म्हटलं, मोहन बरोबर आहे. त्यांच्याकडे ही परीक्षाच नव्हती. त्यांनी वहीत लिहून घेतली.

आणि मुरड! झाकणाच्या कडेला मुरड घालायची वेळ आली तेव्हा मी काही बोलले नाही. नुसती घातली. बाईंनी सगळ्यांना माझ्या टोकाला बोलावलं. लग्न ठरलेल्या मुलीनं फोनवर चित्रफीत काढली. त्या दोघी बहिणी भांडण थांबवून पाहू लागल्या. बेबी, दरवर्षी दिवाळीत तू म्हणायचीस, "ताई, मुरड कायले घालते, कातणं फिरव ना," तर ते आठव.

मी जो केला त्याला बटर पाय म्हणतात. बटाट्याच्या चकत्या, कांदा, लोणी, मीठ आणि पांढरी मिरपूड, बस. हा खास या प्रेस्टनकडचा. या भागात कॅथलिक वस्ती पूर्वीपासून दाट, आणि शुक्रवारी त्यांना मांस वर्ज्य. शुक्रवारी काय खायचं, तर हा. कॅथलिक पाय असंच दुसरं नाव आहे. म्हणजे उपासाला बटाटा ही बुद्धी जगभर एकच. फक्त ह्यांच्या उपासाला कांदा चालतो. आमचे लोक ऐकून हळहळतील.

आता इतिहासाची बाई बोलते, जरा धीर धर. क्लासमध्ये चहाच्या वेळी मी विचारलं, इथे पाय घरी करण्यापेक्षा दुकानातून आणण्याची एवढी रीत का? बस ड्रायव्हर म्हणाले, त्यांची आजी गिरणीत मागावर होती. दिवसभर गिरणीत उभी राहिलेली बाई घरी येऊन कणीक कधी मळणार? वाटेतल्या दुकानातून गरम पाय घ्यायचा आणि पोरांपुढे ठेवायचा. मी म्हटलं, कुठल्या कापसाचं सूत? त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि या लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. लोकांची उपासमार झाली. तेव्हा ह्यांचे डोळे आपल्या काळ्या मातीकडे वळले. आधी बैलगाड्या, मग रेल्वे, मुंबई, आणि बोटीनं लिव्हरपूल. तिथल्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत, आपल्या अमरावतीवरून. धागा आखूड, मागावर सारखा तुटायचा, म्हणून हिंदुस्थानी कापसावर कामगार वैतागायचे. म्हणजे बघ, ह्यांच्या आज्यांना घरी जायला उशीर व्हायचा त्यात थोडा हात आपल्या पणज्याच्या वावराचाही. ड्रायव्हरसाहेब विचारात पडले, मग म्हणाले, "तुमच्यामुळे आम्ही पाय खाल्ले." मी म्हटलं, "आणि तुमच्यामुळे आमच्या पणज्यानं सावकार पाहिला." दोघंही हसलो, पण मी जरा कमी.

गांधीजी 1931च्या सप्टेंबरात इथून जवळच डार्वेनला येऊन गेले. विलायती कापडावरच्या बहिष्कारानं ज्यांचं काम गेलं होतं त्याच कामगारांना भेटायला. त्यांनीच गर्दी करून स्वागत केलं. हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल, पण ते गाव बसनं तासाभरावर आहे हे मनात कधी आलं नव्हतं.

शाकाहारी पायाचा आणखी एक प्रकार आहे, युद्धातला. 1941ला मांस रेशनवर, तेव्हा अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावानं बटाटा, फ्लॉवर, गाजर आणि स्वीड नावाचा सलगमचा थोरला भाऊ यांचा पाय निघाला. कृती लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याची. लोकांनी खाल्ला आणि नावं ठेवली. मला विचारशील तर त्याला फोडणी हवी होती, बाकी दोष नव्हता.

मग वाद पेटला. नुसतं वर झाकण आणि खाली वाडगं, तो पाय म्हणायचा का? ड्रायव्हर म्हणाले, मुळीच नाही, ती झाकण घातलेली रस्साभाजी. चहूबाजूंनी पारी असेल तोच पाय, स्पर्धेचाही नियम तोच. एक बहीण म्हणाली, मग शेफर्ड्स पायचं काय? त्याला तर पारीच नाही, खिम्यावर कुस्करलेला बटाटा. मासे घातलेल्या पायचंही तेच. आणि कॉर्नवॉलकडे एक असा, ज्यात माशांची मुंडकी पारीतून बाहेर काढून आकाशाकडे बघत ठेवतात. तो ऐकून मी चहा खाली ठेवला.

सगळ्यात कहर यॉर्कशायरचं डेन्बी डेल गाव. 1788मध्ये राजा तिसरा जॉर्ज बरा झाला म्हणून त्यांनी सगळ्या गावाला पुरेल असा एकच पाय केला, आणि सवय लागली. काही मोठं घडलं की पाय. 1846च्या वेळी मंचच कोसळला. 1887ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तर असा अगडबंब केला की आतलं मांस नासलं. उघडल्यावर जो वास सुटला त्यानं लोक पळाले. शेवटी तो पाय मिरवणुकीनं रानात नेऊन चुनकळीत पुरला. आणि लेकाचे एवढ्यावर थांबले नाहीत, लगेच दुसरा केला! जिद्द म्हणावी की काय म्हणावं बाप्पा.

माझा पाय तयार झाला. सोनेरी, मुरड शाबूत, बुडाला ओल नाही (बुड ओलं राहणं ही इथे मोठी नामुष्की). पर्समध्ये तिखटाची पुडी होती, नाही असं नाही. पण काढली नाही. पहिला घास मिठाचा आणि पांढऱ्या मिरपुडीचाच घेतला. बटाटा लोण्यात विरघळलेला, कांदा गोडसर, आणि पारीला वावरात गवरीच्या निखाऱ्यावर भाजलेल्या रोडग्याचा खरपूसपणा. एवढं करून त्याच्यावर लाल चटणी ओतणारा मूर्ख. घरी आणला तर आपल्याच चिरंजीवांनी बाटली उलटी केली. मी बशी ओढून घेतली. म्हटलं, आधी चव घे, मग बुडव. सूनबाई माझ्या बाजूनं होती.

तुझ्याकडे पिंकीनं घेऊन दिलेला ओव्हन आहे, ज्यात तू पापड ठेवतेस. ते काढ. मैद्याच्या निम्मं लोणी, चिमूट मीठ, गार पाणी अगदी बेतानं. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये. बटाटे आधी अर्धवट उकड, नाहीतर पारी जळेल आणि आत कच्चे राहतील. झाकणाला भोक पाडायला विसरू नकोस, वाफ कोंडली की फुटतो. मुरड घाल. कातणं फिरवलेलं मला फोटोत ओळखू येतं.

वरूडच्या बागेचा हिशेब दादांना विचारून कळव. आंबिया बहराची फुलगळ किती झाली तेही. सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. : डेन्बी डेलची गोष्ट भाऊजींना सांगू नकोस. आमच्या अकोल्यात करतो म्हणून दोन मणांचा एकच रोडगा भाजायला निघतील, आणि पुरायची वेळ आली की वावर आपलंच मागतील.