एकाच टेबलावर नववी आणि सातवी

डॅलस, टेक्सास

ती. आई-बाबांस,


थोरलीची नववी आणि धाकट्याची सातवी घरीच करायची म्हटल्यावर बाबांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता: 'सरकारमान्य आहे का?' आहे. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत आहे आणि टेक्सासात तर १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात घरच्या शाळेला खासगी शाळेचा दर्जा दिला. अट एवढीच, की शिकवणं नावापुरतं नसावं, हाताशी पुस्तकं वगैरे असावीत आणि वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित व चांगलं नागरिकत्व एवढं शिकवावं. यादीत विज्ञान नाही हे वाचून बाबा खुर्चीतून उठले असतील. बसा, ते आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर शिकवणार आहोत. तपासणीला साहेब येत नाहीत, हजेरीपट कोणी मागत नाही. सरकारने इतकं मोकळं सोडलं, की काय शिकवायचं हा सगळा घोळ आईबापांच्या गळ्यात येतो.

इथल्या बाजारात अभ्यासक्रम इयत्तेप्रमाणे खोक्यांत भरून मिळतात. दोन मुलं म्हणजे दोन खोकी, म्हणजे दोन इतिहास, दोन साहित्यं, दोन विज्ञानं आणि आई एक. माझं म्हणणं असं की इयत्ता ही गणिताला असते, इतिहासाला नसते. पुरावा बाबांच्याच राज्यातला घ्या. आपल्याकडे शिवाजी महाराज चौथीत येतात आणि सातवीत पुन्हा येतात. महाराज तेच, फक्त मुलाकडून अपेक्षा वाढते. मग एका घरात तोच काळ दोघांनी एकदम वाचला तर बिघडलं कुठे? एका कुकरचं वरण, फोडण्या दोन. जेसी वाइज आणि सुसान वाइज बाउअर या मायलेकींनी १९९९ च्या त्यांच्या 'द वेल-ट्रेन्ड माइंड'मध्ये इतिहासाचे चार वर्षांचे टप्पे पाडले आहेत: प्राचीन काळापासून इ. स. ४०० पर्यंत, मग १६०० पर्यंत, मग १८५० पर्यंत आणि शेवटी आजवर. आम्ही तोच क्रम धरतो आहोत. तिसऱ्या वर्षी १६७४ चा राज्याभिषेक आला की धाकट्याने तो का करावा लागला ते पानभर लिहायचं. थोरलीने त्याच सुमाराचा फ्रान्सचा चौदावा लुई शेजारी ठेवून राजाला राजेपण कशाने येतं यावर निबंध लिहायचा. (महाराजांसाठी तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायचं हे बाबांना पटणार नाही, पण रोमन लोक आधी झाले त्याला मी काय करू?)

गणिताचं मात्र उलट. अपूर्णांक कच्चे असले तर बीजगणितात पाय टाकता येत नाही, मग ताईबरोबर बसण्याची हौस कितीही असो. म्हणून तर सॅक्सनसारखे गणिताचे प्रकाशक पुस्तक घेण्यापूर्वी चाचणी द्यायला सांगतात आणि मूल कितवीत आहे यापेक्षा त्याला काय येतं ते बघतात. तेव्हा गणित वेगवेगळं. विज्ञानातही जीवशास्त्र एकत्र चालेल, पण मोलचे हिशेब बीजगणित मागतात, म्हणून रसायनशास्त्र थोरलीपुरतं. म्हणजे एकही खोकं अख्खं घ्यायचं नाही.

आता आईची शंका: एकत्र बसवलं तर थोरली मागे खेचली जाईल आणि धाकटा दडपून जाईल. वाचन एक आणि परीक्षाही एकच ठेवली तर नक्की तसंच होईल. म्हणून उत्तरं वेगळी, तपासणी वेगळी आणि तुलना कुठेच नाही. भांडणं होतील, पण ती शाळेत गेल्यावरही घरी येऊन होतातच. दोघांना सोबत करणारं तिसरं कोणी मिळणार नाही ही शंका जास्त खरी आहे. त्यासाठी इथे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचे गट असतात. प्रयोग, नाटक, वादविवाद तिथे. तेवढ्याने शाळेची मधली सुट्टी भरून निघते असा दावा मी करणार नाही.

बाबांचा आक्षेप सर्वांत वजनदार: मार्कशीट आईच्या हातची, तिला कोण विचारतो? बरोबर आहे. आईने दिलेल्या अ श्रेणीवर आजीसुद्धा विश्वास ठेवणार नाही. म्हणून नववीनंतर बाहेरचा परीक्षक हवाच: कॉलेजप्रवेशासाठीची एसएटी, कम्युनिटी कॉलेजातले एक-दोन विषय आणि मे महिन्यात होणाऱ्या, कॉलेजच्या तोडीच्या एपी परीक्षा. एपी द्यायला घरी शिकणाऱ्या मुलांना परवानगी देणारी शाळा आधी शोधून ठेवावी लागते. एपीत सर्वांत वरचे गुण ५ असतात. तेव्हा थोरलीला '५' मिळाले असं कळलं तर कृपया गावभर लपवू नका.

येताना बालभारतीची पुस्तकं मात्र आणू नका. ती इंटरनेटवरून फुकट उतरवता येतात. बॅगेतलं ते वजन डिंकाच्या लाडवांना द्या.

तुमची,
लेक