मागच्या माणसाचा वेग

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या सामूहिक ट्रेकचं पत्रक हातात आलं की मी आधी दिवस मोजतो. नामचेत किती रात्री, दिंगबोचेत किती रात्री, आणि कुठेच न जाण्यासाठी राखून ठेवलेला एखादा दिवस आहे का. फोटो नंतर. बहुतेक पत्रकांत हा राखीव दिवस नसतो. नऊ दिवसांत, दहा दिवसांत, शनिवारी निघून पुढच्या सोमवारी कामावर हजर, असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं आणि तेच वाचून लोक पैसे भरतात. माझं म्हणणं असं की ट्रेकमधला सगळ्यात मोठा धोका त्याच ठळक अक्षरांत छापलेला असतो.

आकडे बघा. काठमांडू १,४०० मीटरवर. तिथून विमानाने अर्ध्या तासात लुक्ला, २,८६० मीटर. फाकडिंगचा मुक्काम थोडा खाली, २,६१० वर, आणि दुसऱ्या दिवशी दूधकोसीवरचे झुलते पूल ओलांडत नामचे बाजार, ३,४४० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे नामचेच्या बाजारात कॉफी पिताना आपण महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीहून उंच बसलेले असतो, आणि ट्रेक तर अजून सुरूच व्हायचा असतो. पुढे तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४ आणि बेस कॅम्प ५,३६४. तिथे हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्मा.

डॉक्टरांचा नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. आता फाकडिंग ते नामचे मोजा, एका दिवसात ८३० मीटर. तेंगबोचे ते दिंगबोचे ५५०. म्हणजे ज्याला सगळे सुरक्षित वेळापत्रक म्हणतात तेच आधी काठावर उभं आहे. त्यातून दिंगबोचेची जास्तीची रात्र कापणारा आयोजक ग्राहकाच्या फुफ्फुसांवर सूट देतोय.

१९५३ साली जॉन हंट यांच्या एव्हरेस्ट मोहिमेतली माणसं काठमांडूच्या खोऱ्यातून चालत निघाली आणि दोन आठवड्यांहून जास्त चालून तेंगबोचेला पोहोचली. पुढचे जवळजवळ तीन आठवडे त्यांनी आसपासच्या खिंडी आणि छोटी शिखरं चढून शरीर सरावण्यात घालवले. लुक्लाची धावपट्टी १९६४ साली झाली, एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने, शाळा आणि दवाखान्यांचं सामान वर पोहोचावं म्हणून. त्या धावपट्टीने आपली दोन आठवड्यांची पायपीट वाचवली. शरीर मात्र १९५३ सालचंच आहे. वाचलेल्या दिवसांतले दोन दिवस त्याला परत द्यायला काय हरकत आहे?

हरकत असते ती सुट्टीची. आणि ट्रेकच्या आधीच दिवस खाणारी एक गोष्ट पत्रकात लिहिलेली नसते. हंगामात लुक्लाची पुष्कळ विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापहून सुटतात. त्यासाठी मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीने जावं लागतं, आणि तिथे पोहोचल्यावर ढग आले तर दिवसभर बसून राहावं लागतं. लुक्लाची धावपट्टी सव्वापाचशे मीटरच्या आसपास, एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. वैमानिक ढगात उतरणार नाही आणि त्याने उतरूही नये. असा एक दिवस गेला की गटात हिशेब सुरू होतो. पुढच्या लॉजच्या खोल्या तारखेनुसार ठरलेल्या असतात, परतीचं तिकीट ठरलेलं असतं. मग कापायचं काय? विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी तर आपण नुसतेच बसणार होतो ना, असा युक्तिवाद होतो आणि सगळ्यांना पटतो. विश्रांतीच्या दिवशी रक्त काम करत असतं, श्वास बदलत असतो. जे दिसत नाही ते काम नव्हे, ही सवय आपण कार्यालयातून थेट खुंबूत, एव्हरेस्टच्या या भागात, घेऊन जातो.

एकटा चालणारा माणूस डोकं दुखलं तर थांबतो. त्याला कुणाला विचारायचं नसतं. गटात मात्र डोकं दुखणाऱ्याला लाज वाटते. माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस जाईल. लीडर काय म्हणेल. सुनेने हौसेने पाठवलंय, परत कसं जायचं. मग तो दोन घास कमी खातो, पोट बिघडलंय म्हणतो, गोळी घेऊन झोपतो आणि सकाळी सगळ्यांबरोबर वर निघतो. पन्नाशीतली बहीण हे करते, पंचविशीतला मॅरेथॉन धावणाराही करतो. धावणाऱ्याचं तर जास्तच चुकतं, कारण त्याला वाटतं आपल्याला काही होणारच नाही. उंचीचा त्रास तंदुरुस्ती बघून येत नाही. सिंहगड दर रविवारी चढल्याने पाय आणि दम तयार होतात, आणि तेवढ्यासाठी तो चढावाच. पण सिंहगड तेराशे मीटरच्या आसपासचा आहे. पाच हजार मीटरचा सराव तिथे होऊ शकत नाही.

हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था १९७३ पासून नेपाळमध्ये हेच सांगते आहे. याच वाटेवरच्या फेरिचेला तिचा दवाखाना आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना उंचीच्या आजाराबद्दल समजावून सांगतात. त्यांच्या सांगण्याचा गाभा तीन गोष्टींत येतो. उंचीवर बरं वाटेनासं झालं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा. त्रास असताना आणखी वर जाऊन झोपू नका. त्रास वाढत असेल तर रात्र असो, पाऊस असो, खाली उतरा, आणि आजाऱ्याला कधीही एकटं पाठवू नका. माणूस सरळ रेषेत टाचेपुढे टाच ठेवून चालू शकत नसेल, तर मेंदूला सूज येते आहे असं धरून चालायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, तर फुफ्फुसात पाणी जमतंय असं समजायचं. दोन्हींत पहिला उपाय उतरणं हाच, आणि दोन्हींत उद्या सकाळी बघू म्हणणं जिवावर बेततं.

यात आता ऑक्सिमीटरची भर पडली आहे. करोनानंतर ते यंत्र घराघरांत आलं, तिथून सॅकमध्ये. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एकेकाचं बोट घालून आकडा मोठ्याने वाचायचा, हा गटांचा कार्यक्रम झालाय. ज्याचा आकडा चांगला त्याला टाळ्या, ज्याचा कमी त्याची थट्टा. हे बंद करा. चांगल्या आकड्याच्या माणसालाही त्रास होऊ शकतो आणि वाईट आकड्याचा माणूस सकाळी ठणठणीत उठू शकतो. आकड्यापेक्षा प्रश्न विचारा, आणि ते एकेकाला बाजूला घेऊन विचारा. डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, चक्कर येते का, झोप लागली का. चारचौघांत विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, एकदम मस्त. उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, हे आपल्या डॉक्टरला विचारून निघण्याआधी ठरवा, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. शेजारच्याने दिली म्हणून घेऊ नका.

आता लीडरबद्दल. सह्याद्रीतल्या आपल्या गटांची एक फार चांगली रीत आहे. पुढे एक लीडर, मागे एक लीडर, मधे कुणी सुटायचं नाही, प्रत्येक थांब्यावर काउंट घ्यायचा आणि मागचा लीडर आल्याशिवाय पुढे निघायचं नाही. भीमाशंकरच्या धुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या जंगलात या रितीने कितीतरी माणसं सुखरूप आणली आहेत. मग हीच माणसं खुंबूत गेल्यावर गट दोन-दोन तासांच्या अंतराने का विखुरतो? वेगवान चौघं लॉजवर पोहोचून सूप पिऊन झालेली असतात आणि शेवटची बाई अंधारात, पायाखाली बघत, नेपाळी मदतनीसाबरोबर येत असते. तो बिचारा दिवसभर तिला बिस्तारै, बिस्तारै, म्हणजे हळूहळू, म्हणत असतो. म्हणजे गटात योग्य वेगाने चालणारी दोनच माणसं, ती बाई आणि तो. गटाचा वेग मागच्या माणसाने ठरवायचा. हे ज्या लीडरला मान्य नसेल त्याने हिमालयात माणसं नेऊ नयेत.

खाली उतरणाऱ्याची व्यवस्था हा लीडरची परीक्षा घेणारा खरा प्रश्न. त्याच्याबरोबर कोण जाणार, खालच्या लॉजचे पैसे कोण देणार, दोन दिवसांनी बरं वाटल्यावर तो गटाला कुठे भेटणार? हे पुण्यात किंवा ठाण्यात बसून ठरवलेलं नसलं की लोबुचेच्या थंडीत कुणीही ठरवू शकत नाही, आणि मग सोपा मार्ग म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं जातं. खरी गरज असेल तेव्हा हेलिकॉप्टर बोलवाच, एक क्षणही थांबू नका. पण २०१८ साली नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झालं, की या बचाव उड्डाणांत विम्याच्या पैशांसाठी बनावट प्रकरणंही केली जात होती. चालत उतरू शकणाऱ्याला हेलिकॉप्टरमध्ये घालणं आणि उतरायलाच हवं अशाला वर नेणं, दोन्ही एकाच घाईतून होतं. आपल्या विम्यात किती मीटरपर्यंतचं संरक्षण आहे, तेही निघण्याआधी वाचून घ्या.

आणि गटाच्या काउंटमध्ये ज्यांना कुणी धरत नाही ते भरिये. सामान वाहणारा प्रत्येक माणूस शेर्पा नसतो. पुष्कळजण खालच्या डोंगरांतले राई, तामांग वगैरे समाजांतले शेतकरी किंवा विद्यार्थी असतात आणि त्यांच्या शरीरालाही ही उंची आपल्याइतकीच नवी असते. १९९७ साली नेपाळमध्ये उंचीच्या आजाराने बेजार झालेल्या वीस वर्षांच्या एका भरियाला पैसे चुकते करून एकट्याला खाली पाठवण्यात आलं. दीड दिवसाच्या आत तो गेला. त्यातूनच भरियांच्या सुरक्षेसाठी काम करणारा एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. कपाळावर नाम्लोचा पट्टा, पाठीवर आपल्या दोन-दोन डफल बॅगा, असा माणूस रोज आपल्या पुढे निघतो आणि तो कुठे झोपला, काय जेवला हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. विचारा. त्याच्याकडे गरम जाकीट आहे का, त्याचा विमा काढलाय का, ओझं ३० किलोंच्या आत आहे का, आजारी पडला तर त्याच्याबरोबर कोण उतरणार. ज्या आयोजकाला हे प्रश्न आवडत नाहीत तो आयोजक आपल्यालाही आवडू नये.

हे सगळं ज्या जागेसाठी, ती जागा कशी आहे? बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. नुप्त्से आणि पश्चिम धारेच्या आड ते दडलेलं असतं. ते बघायला काला पत्थरवर चढावं लागतं. गिर्यारोहकांचे तंबूही एप्रिल-मेमध्येच असतात. ऑक्टोबरमध्ये गेलात तर हिमनदीवरचे दगडधोंडे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्रार्थनेच्या पताका, समोर खुंबू हिमप्रपात आणि नाव रंगवलेला एक मोठा दगड. तिथे तिरंगा आणि भगवा फडकवावा, गारद द्यावी, डोळ्यांत पाणी येऊ द्यावं. ते सगळं खरं आहे आणि मला आवडतं. पण जो तेंगबोचेच्या मठासमोर बसून आमा दब्लम शिखर बघून परत आला त्यानेही खुंबू पाहिलं आहे, आणि गावी सत्कार करायचाच असेल तर त्याचाही करावा. वर पोहोचलेल्यांचीच नावं वाचली जातात तोवर पुढच्या वर्षीही कुणीतरी डोकेदुखी लपवणारच.

तेव्हा या हंगामात पैसे भरणाऱ्यांना एकच विनंती. आयोजकाकडून तीन गोष्टी लेखी घ्या. वेळापत्रकात दोन मोकळे दिवस, खाली उतरणाऱ्यासोबत जाणाऱ्या माणसाचं नाव, आणि भरियांच्या विम्याची प्रत. तिन्ही मिळाल्या तर खुशाल जा. एक जरी मिळाली नाही, तर पैसे परत घ्या आणि दुसरा गट शोधा.