ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज

आमच्या सोसायटीत मला नेटवर्कवाले काका म्हणतात आणि मी म्हणू देतो. कुणाचं वायफाय गेलं की आमची बेल वाजते. मी हातातला चहा सावकाश संपवतो, कारण लगेच उठलं की किंमत राहत नाही. मग त्यांच्या राउटरच्या दिव्यांकडे टक लावून बघतो, ‘हं’ म्हणतो आणि मागची पिन काढून परत लावतो. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. पण पिन काय, कुणीही काढील. तज्ज्ञ काढतो तेव्हा काढणं आणि लावणं यांच्यामध्ये व्याख्यान असतं.

व्याख्यान असं: तुम्ही ज्याला राउटर म्हणता त्या डब्यात तीन-चार यंत्रं दाटीवाटीनं राहतात. एक काचेच्या तारेतून आलेल्या उजेडाचे विजेचे संकेत करतं. दुसरं म्हणजे खरा राउटर, घरातलं नेटवर्क आणि बाहेरचं जग यांच्यात ने-आण करणारा. तिसरा स्विच, कुठल्या पोर्टला कोण लावलंय हे तो प्रत्येक यंत्राच्या ४८ बिटांच्या पत्त्यावरून लक्षात ठेवतो. इथवर येईतो काकू विचारतात, “पासवर्ड तोच राहील ना?” राहतो.

स्विचचं नाव निघालं की मला त्याच्या आधीच्या हबबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. हबला अक्कल नव्हती. एका पोर्टवर जे आलं ते तो बाकी सगळ्या पोर्टांवर ओरडून सांगायचा. साहजिकच दोन यंत्रं एकदम बोलली की टक्कर. पण या टकरींवरचा उपाय इतका सभ्य आहे की तो सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफनं इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा त्याच्यापुढे हवाई बेटांवरचं अलोहा नावाचं रेडिओ नेटवर्क होतं. अलोहात मनात आलं की बोलायचं. पोच आली नाही तर पुन्हा बोलायचं. इथरनेटनं शिस्त आणली. आधी ऐका, तार मोकळी असेल तरच बोला. तरी दोघं एकदम बोललेच, तर दोघांनीही थांबायचं, आपापला फासा टाकायचा आणि पडेल तेवढा वेळ गप्प बसायचं. पुन्हा टक्कर झाली तर फाशावरचे आकडे दुप्पट. दहाव्या टकरीपर्यंत ते असे वाढत जातात आणि सोळा प्रयत्नांतही जमलं नाही तर यंत्र नाद सोडतं.

सोळा प्रयत्नांत नाद सोडणारा एकही सभासद आमच्या वार्षिक सभेत नाही. पार्किंगचा विषय निघाला की सगळे एकदम बोलतात, टक्कर झाल्यावर थांबण्याऐवजी आवाज चढवतात, आणि गप्प बसण्याचा फासा फक्त भाडेकरूंच्या वाट्याला येतो. मी एकदा इथरनेटचा नियम सभेपुढे ठरावासारखा मांडला. मांडत असतानाच तिघे मध्ये बोलले. आता स्विच आले, प्रत्येकाला स्वतंत्र तार मिळाली, जाण्यायेण्याच्या वाटाही वेगळ्या झाल्या आणि टकरी संपल्या. आमची सभाही व्हॉट्सॲपवर गेली. तिथं सगळे एकाच वेळी बोलतात, टक्कर होत नाही आणि कुणी ऐकतही नाही.

माझा खरा गर्व म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणारं क्रिंपिंग टूल. ते मी पट्ट्याला अडकवून जिना उतरतो. केबल सोलून आठ तारा हारीनं लावताना परवचा म्हटल्यासारखं मोठ्यानं म्हणतो: ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राउन-व्हाइट, ब्राउन. चार जोड्या, प्रत्येकीचा पीळ वेगळ्या मापाचा. पिळामुळे बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांना सारखाच लागतो आणि वजाबाकीत उडून जातो. ही युक्ती ग्रॅहम बेलची, १८८१ सालच्या पेटंटातली. आता चाणाक्ष माणसानं इथं हटकायला हवं: हिरव्या जोडीत निळी का घुसली? मधल्या दोन जागा टेलिफोनच्या लाइनसाठी राखून ठेवल्या म्हणून. हिरवीला तिच्या दोन बाजूंना उभं राहावं लागलं. हा प्रश्न मला सोसायटीत आजवर कुणी विचारलेला नाही. उत्तर मात्र मी तयार ठेवलंय.

ते रंग मला कोर्समध्ये शिकवले, पण पाठ आधीपासून होते. बाबा टेलिफोन खात्यात केबल स्प्लायसर होते. पुण्याच्या पेठांत, मॅनहोलमधलं पाणी उपसून, शेकडो जोड्या एकेक करून जोडायचे. पांढऱ्याबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा; मग तेच पाच लालबरोबर, मग काळ्याबरोबर, मग पिवळ्याबरोबर. झोपेतसुद्धा चुकायचे नाहीत. त्यांना कुणी टेलिफोनवाले काका म्हटलं नाही. “तो फोनवाला आलाय,” असं आतल्या खोलीत ओरडून सांगायचे आणि त्यांना दारातच उभं ठेवायचे. ते रस्त्यात उकिडवे बसलेले दिसले की मी शाळेच्या मित्रांना घेऊन पलीकडच्या बोळातून जायचो.

परवा खोदकामात आमची फायबर तुटली. जोडायला आलेला मुलगा बारकुडा, पाठीवर मशीन. वॉचमननं त्याला लिफ्ट वापरू दिली नाही. वायफायविना अर्धा दिवस काढलेले लोक त्याच्या डोक्यावर उभे राहून “अजून किती वेळ?” करत होते, आणि पाणी हवंय का हे एकानंही विचारलं नाही. हे तेच लोक, जे पिन काढून लावल्याबद्दल मला गुळपोळी आणून देतात! मी तांब्या-भांडं आणलं, त्यांना पांगवलं आणि जिन्यात त्याच्या शेजारी बसलो. अर्थात पट्ट्याला टूल होतंच.

त्यानं ते पाहिलं. “काका, अजून हातानं क्रिंप करता? आता रेडीमेड कॉर्ड मिळतात.”

मी टूल शर्टाखाली सरकवलं. तो १२५ मायक्रॉनची काच पुसत होता. उजेड जातो तो तिच्या आतल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. एकेक फायबर उचलताना तो पुटपुटत होता, “ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राउन, स्लेट...”

तोच क्रम. तांबं जाऊन काच आली, वीज जाऊन उजेड आला, आणि बाबांची यादी होती तिथंच होती. मी पुढचं म्हटलं, “व्हाइट, रेड, ब्लॅक, यलो.” त्यानं मान वर केली.

“मग व्हायलेट, रोज, ॲक्वा,” तो म्हणाला. “बारा असतात.”

रोज आणि ॲक्वा बाबांनी कधी जोडले नाहीत. जोडले असते तर ही केबल आहे की साड्यांचं दुकान, असं नक्की म्हणाले असते. ते मी त्याला सांगितलं. मग मॅनहोलचं सांगितलं, मग बेलचं, आणि हिरव्या जोडीच्या मुद्द्यावर येण्यासाठी जरा पुढं सरकलो.

“काका,” तो मशीनवर वाकत म्हणाला, “थोडं बाजूला होता का? उजेड अडतोय.”