टनेज की रिकव्हरी?

माळेगाव बुद्रुकमध्ये बसून नेटिव्ह डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिणारा माणूस किती थोर असतो, हे गावात फक्त मला ठाऊक आहे. बाकीचे मला प्रिंटर दुरुस्त करणारा समजतात. "सगळं जग ब्राउझरमध्ये गेलं, मी मात्र थेट प्रोसेसरशी बोलतो," असं मी पंगतीत मुद्दाम जरा मोठ्यानं सांगतो. शेजारचा जिलेबी मोडत म्हणतो, "मग त्याला सांगा की, आमच्या फडात टोळी लवकर पाठव म्हणावं."

असो. विंडोजवर कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, निवडायचा तर उमेदवार तीन: मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी प्लस प्लस, १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जगाला फुकट देऊन टाकलेल्या जीसीसीचा विंडोज अवतार मिंगडब्ल्यू, आणि क्लँग. मी क्लँग वापरतो. चूक कुठं झाली ते तो नीट दाखवतो, हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. खरं कारण असं की 'क्लँग' म्हटलं की समोरचा गप्प होतो.

आता ही निवड म्हणजे उसाचं बेणं निवडण्यासारखीच, आणि बेण्याचा विषय निघालाच आहे तर मला कुणी आवरू नये. ८६०३२ घ्यावा की २६५? ८६०३२ मूळचा कोईमतूरचा. उतारा चांगला, खोडवाही चांगला. २६५ आपल्या पाडेगावच्या संशोधन केंद्राचा. वजनाला दांडगा, चोपण रानातही तग धरणारा, पण लवकर तोडला तर साखर कमी. म्हणून सुरुवातीला कारखाने त्याला नाक मुरडत. शेतकऱ्याला टनेज हवं, कारखान्याला रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा. नीरा डाव्या कालव्याच्या कडेला या वादात पाहुणे आलेले आहेत, चहा झालेले आहेत, सोयरिकी मोडता मोडता राहिल्या आहेत. शेवटी शहाणा माणूस एकच विचारतो: "रान कसलंय?"

प्रोग्रॅमचं रान म्हणजे गिऱ्हाइकाचा संगणक. आमच्या तात्यांच्या खताच्या दुकानात ३२ बिटी विंडोज ७ आहे, आणि त्यावर युरियाची पावडर आहे. तिथं ६४ बिटी प्रोग्रॅम उघडणारच नाही, मग तो क्लँगनं घडवलेला असो की विश्वकर्म्यानं. व्हिज्युअल सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम त्याची रनटाइम डीएलएल, म्हणजे चालताना लागणारी जोडफाइल मागतो, मिंगडब्ल्यूचा स्वतःच्या डीएलएल मागतो. तात्या दोघांनाही उधारीवर काही देत नाहीत. यावर उपाय स्टॅटिक लिंकिंगचा: लागेल ते सगळं एकाच फाइलीत भरायचं. फाइल फुगते, पण कुणापुढं हात पसरत नाही. शिवाय दुसऱ्याची सी प्लस प्लस लायब्ररी वापरायची असेल, तर ती ज्या कंपायलरनं बनवली तोच बहुधा आपल्यालाही घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्ट आणि जीसीसी आतल्या फंक्शनांची नावं वेगवेगळ्या पद्धतीनं कोरतात, त्यामुळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला ओळख पटत नाही. तिथं माझी आवडनिवड कुणी विचारत नाही.

इथवर हसून झालं. पण एक गोष्ट मला खरोखर बोचते. आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत पोरांच्या हाती वर्षानुवर्षं टर्बो सी प्लस प्लसचा तो निळा पडदाच दिला गेला. तो आला १९९० साली. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ साली. आजच्या ६४ बिटी विंडोजवर तो डॉसबॉक्सच्या कुबड्यांशिवाय उभाही राहत नाही. त्याचा पूर्णांक दोन बाइटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढं गेला की उलटा फिरतो. त्यात ४०,००० किलो ऊस मोजला तर पडद्यावर येईल उणे २५,५३६. म्हणजे ऊस घालून वर शेतकरीच कारखान्याचं पंचवीस टनांचं देणं लागतो! उसाच्या पैशातून फी भरलेली पोरं हे शिकून पुण्याला मुलाखतीला जातात, त्या निळ्या पडद्याच्या जुन्या वळणानं 'व्हॉइड मेन' लिहितात, आणि समोरचा गालात हसतो. ती पोरं बिनडोक नसतात. त्यांना बेणंच जुनं मिळालेलं असतं, आणि जीसीसी तर त्या निळ्या पडद्याच्या आधीपासून फुकट होता.

तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनो, कंपायलर ठरवण्याआधी गिऱ्हाइकाच्या यंत्रापाशी जाऊन या. आणि गुरुजनहो, तुम्ही निदान या जूनपासून तो निळा पडदा काढून टाका. जीसीसीला आजही पैसे पडत नाहीत.